ओळखीतली

"इंगवलेवहिनी, आज तुमचा आवाज नाही! झोप झाली नाही का?"

मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, आणि माझ्या आधी ह्यांनीच उत्तर दिलं. "तिचं इंजिन गरम व्हायला वेळ लागतो!"

बस हसली. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या विनोदाला लोक जरा जास्तच हसतात, हे मला ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दगडांच्या बुटक्या भिंती, मेंढ्या, हिरवं कुरण, पुन्हा मेंढ्या. इस्लामपुरातून निघताना ज्या इंग्लंडची मी वाट बघितली होती, ते बाहेरून सरकत होतं आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं.

मला माझ्या मुलीचा राग आला होता. ती समोर असती तर मी आधी तिच्या थोबाडीत दिली असती, मग काय ते बोलले असते.

सांगते. आमची ऋतुजा इंजिनिअर झाली आणि तिच्याच वर्गातल्या सुजय कांबळेशी तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आधी घरी सांगितलं, विनवण्या केल्या, आठवडाभर जेवली नाही, आणि मग गेली. हे म्हणाले, "इंगवल्यांच्या घरात कांबळे जावई म्हणून जेवायला बसणार नाही. मेली ती आम्हाला." तिच्या खोलीतलं कपाट दुसऱ्या दिवशी रिकामं झालं. भावकीत सगळ्यांना ताकीद गेली, तिचं नाव ह्या उंबऱ्याच्या आत काढायचं नाही. तिचा नंबर बदलला, आमचाही बदलला गेला. चार वर्षं गेली. मग माझ्या भावानं, बाळासाहेबानं, एका लग्नात पंगतीत वाढता वाढता माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "शैला, ऋतू विलायतेत आहे. मँचेस्टरला."

त्याच महिन्यात ह्यांच्या क्लबातल्या लोकांनी इंग्लंड-स्कॉटलंडची सहल ठरवली. मी म्हटलं, "मी येते. पण पोरीला भेटायचं असेल तर. नाहीतर तुम्ही एकटे जा." चौतीस वर्षांत मी अट घातल्याची ही पहिली वेळ. हे म्हणाले, "ठीक आहे. मी बोलतो तिच्याशी. बाळासाहेबाकडून नंबर घेतो." आणि घेतलाही. लंडनमध्ये पोचल्यावर मला म्हणाले, "बोललो. परवा आपण प्रेस्टनजवळच्या हॉटेलात असू, तिथं संध्याकाळी येईल. तिच्या गावापासून तासाभरावर आहे."

परवा म्हणजे कालची संध्याकाळ. बसमध्ये बसून बसून माझे पाय सुजले होते. खोलीत बादलीत गरम पाणी घेऊन पाय सोडून बसले होते. अंगावर नवी साडी होती, निऱ्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. हे म्हणाले, "तू बस. ती आली की मी वर घेऊन येतो." खाली गेले ते तासाभरानं आले. हातात कागदी कपात चहा.

"नाही आली," म्हणाले. "फोनही उचलत नाही. वाट बघून बघून आलो." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा हात त्यांनी माझी आई गेली तेव्हाच फिरवला होता. "जाऊ दे शैला. आपण आपलं केलं. तिला नाही वेळ, तर नाही."

मी तो चहा प्यायले. त्यांचा हात धरून रडले. आणि रात्रभर मुलीला शिव्या दिल्या.

तर हा राग पोटात घेऊन मी बसमध्ये बसले होते. सकाळी विंडरमेअरच्या तलावात बोटीतून फिरवून आणलं, सगळ्यांनी फोटो काढले, मला थंडी वाजली. हे मात्र त्या दिवशी खुशीत होते. माइक हातात घेऊन किस्से सांगत होते. होनराव म्हणून सांगलीचे एक बांधकाम व्यावसायिक आमच्याबरोबर होते, ते प्रत्येक किश्श्यानंतर "क्या बात है साहेब" म्हणत.

दुपारी बस स्कॉटलंडच्या हद्दीत शिरली आणि लगेच थांबली. आमच्या टूर मॅनेजर केतकी मॅडम उठून उभ्या राहिल्या. चाळिशीची, आवाजानं खणखणीत बाई.

"हे ग्रेटना ग्रीन. इथली गंमत ऐका. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कायदा झाला, एकवीस वर्षांच्या आतल्या मुलामुलींना आईबापांच्या परवानगीशिवाय लग्न करता येणार नाही. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. मग काय, इंग्लंडमधली प्रेमात पडलेली पोरं घोडागाडीतून पळायची आणि हद्द ओलांडली की पहिलं गाव लागायचं ते हे. इथं दोन साक्षीदार असले की पुरे. गावातला लोहारसुद्धा ऐरणीवर हातोडा मारून लग्न लावून द्यायचा. आणि मागून घोड्यावर मुलीचा बाप!"

"मग? सापडायची का?" कुणीतरी विचारलं.

"ऐरणीवर घण पडला की बापाचं काही चालायचं नाही."

बसमध्ये टाळ्या पडल्या. आणि सगळ्यात मोठी टाळी माझ्या शेजारी वाजली. हे हसत म्हणाले, "वा! प्रेमापुढं कुणाचं चाललंय?"

मी त्यांच्याकडे वळून बघितलं. वाटलं, रात्रीत माणूस बदलला की काय. मुलगी आली नाही याचं ह्यांनाही आतून लागलं असेल, बाहेरून दाखवत नसतील. खरं सांगते, मला त्यांची दया आली.

खाली उतरल्यावर बायकांची नेहमीप्रमाणे बाथरूमपाशी रांग लागली. माझ्या पुढं उषाताई बर्वे होत्या. पुण्याच्या, एकट्याच आलेल्या, सत्तरीच्या पुढच्या. बोलायला कुणी मिळालं की सोडायच्या नाहीत, पण मनानं निर्मळ बाई.

"काल तुमच्याकडे कोण हो आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"हॉटेलात, खाली. मी त्या चहाच्या मशीनशी झगडत होते. साहेबांशी बोलत होती एक मुलगी. उंच, चष्मेवाली. मराठीच होती. किती गोड वाटलं हो, परदेशात राहून वाकून पाया पडत होती साहेबांच्या! साहेबच संकोचले, मागं सरकले."

माझ्या मागच्या बायका पुढं सरकल्या तशी मीही सरकले. पायांना कळत होतं, मला नाही.

"आणखी कोण होतं?"

"तिचा नवरा असावा. दाराशी उभा होता बिचारा, आत येईना. त्याच्याकडे बाळ. पाचेक महिन्यांचं असेल. मी जाऊन बघून आले ना! मुलगी आहे. हनुवटीला अशी खळी, अगदी…" त्या बोलता बोलता थांबल्या. माझ्या हनुवटीकडे बघत राहिल्या. "अगदी तुमच्यासारखी," त्या हळू म्हणाल्या.

"ह्यांना विचारलंत का, कोण म्हणून?"

"विचारलं. म्हणाले, ओळखीतली आहे."

रांग पुढं गेली. उषाताईंचा नंबर आला तरी त्या आत जाईनात. "शैलाताई, माझं काही चुकलं का? मी उगाच बोलले का?"

मी रांगेतून बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की रागानं माणसाला ऐकू यायचं बंद होतं. बाहेर कुणी तरी पिपाणीसारखं वाद्य वाजवत होतं, गाल फुगलेले दिसत होते, पण आवाज नव्हता. मला नात आहे. मला नात आहे, हे मला बाथरूमच्या रांगेत परक्या बाईकडून कळलं. माझी मुलगी माझ्या खाली एक मजला उभी होती आणि मी वर पाय भिजवत बसले होते. तिला मी रात्रभर शिव्या दिल्या. आणि ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून दिल्या, तो…

"वहिनी! अहो वहिनी! या लवकर, साहेब खोळंबलेत!"

होनराव हात हलवत होते. अंगणात एक मोठी ऐरण ठेवलेली होती, फोटो काढायला. तिच्याभोवती आमचा सगळा गट जमला होता. मधोमध हे उभे. डोक्यावर चौकड्यांची स्कॉटिश टोपी, आणि हातात कुणीतरी दिलेली प्लॅस्टिकची फुलं.

"लग्नाला चौतीस वर्षं झालेलं जोडपं आज पुन्हा लग्न करणार!" केतकी मॅडमनी दुकानातून आणलेला लाकडी हातोडा वर धरला. "मी लोहार!"

लोकांनी मला वाट करून दिली. कुणीतरी माझ्या डोक्यावर पांढरी ओढणी टाकली. मी ऐरणीपाशी जाऊन उभी राहिले. फोन वर झाले, फोटोंसाठी.

"दिगंबरराव इंगवले, ही बायको तुम्हाला पुन्हा मान्य आहे?"

"मान्य! काय करता, दुसरी मिळणार आहे का ह्या वयात?"

हशा.

"शैलजाताई, हा नवरा तुम्हाला मान्य आहे?"

"नाही," मी म्हणाले.

केवढा हशा पिकला! बायकांनी टाळ्या वाजवल्या. होनराव "क्या बात है" म्हणाले. हेही हसले. मी ओढणी काढून ऐरणीवर ठेवली.

"काल संध्याकाळी खाली कोण आलं होतं?"

हे हसतच होते. ओठ तसेच राहिले, डोळे बदलले. "काय?"

"काल हॉटेलात कोण आलं होतं?"

"शैला, फोटो काढून घे. मग बोलू."

"मुलगी आली होती. माझी मुलगी आली होती. पाया पडायला वाकली आणि तुम्ही पाय मागं घेतलेत. बाळाला घेऊन आली होती. आणि वर येऊन मला सांगितलंत, नाही आली."

कुणीच हसत नव्हतं आता. फोन मात्र काहींचे वरच होते.

"एकटी ये म्हणून सांगितलं होतं तिला," हे दात ओठ खात, आवाज खाली ठेवून म्हणाले. "एकटी. क्षमा मागायला. ती त्याला घेऊन आली. माझ्यासमोर आणून उभा केला. चार लोक होते तिथं आपले."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय केलं असतंस?"

हा प्रश्न त्यांनी अगदी सहज विचारला. उत्तराची अपेक्षा नव्हती. आणि तेच मला सहन झालं नाही. चहा, डोक्यावरून फिरवलेला हात, रात्रभर माझ्या शेजारी लागलेली त्यांची गाढ झोप, हे सगळं त्या एका वाक्यात होतं. सांगून ही काय करणार आहे?

"फोन द्या," मी म्हणाले.

"गाडीत बस. तमाशा करू नकोस."

चौतीस वर्षं त्यांचे कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे मीच तपासत आले होते. कुठल्या खिशात काय असतं ते मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत. मी पुढं झाले आणि त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, हाड दुखेपर्यंत. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. सगळे बघत होते. बोटं सैल झाली. फोन माझ्या हातात आला.

कॉल केलेल्या नंबरांत इकडचा नंबर एकच होता. मी लावला.

"हॅलो, बाबा?" तिचा आवाज घाबरलेला. "बाबा, आईला काही झालं का?"

चार वर्षांनी ऐकलेला आवाज, आणि पहिला प्रश्न माझ्याबद्दल.

"ऋतू, मी आहे."

मग तिचा आवाज आला तो वेगळाच. कोरडा. "आता कशाला फोन केलास? बाबा म्हणाले, तुला माझं तोंड बघायचं नाही. तू वर आहेस आणि खाली यायला नाही म्हणतेस."

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण काय सांगितलं जात असेल ते त्यांना कळत होतं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

"मला म्हणाले, तू आलीच नाहीस," मी म्हटलं.

मग तिनं फोनवरच, मागं कुणाला तरी, मोठ्यानं सांगितलं, "सुजय, गाडी काढ."

"तू कुठं आहेस आई?"

"लोहाराच्या इथं," मी म्हटलं, कारण मला गावाचं नाव आठवेना. केतकी मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला नीट पत्ता सांगितला. दोन-अडीच तास लागतील, ती म्हणाली. रस्त्यात कामं चालू असतील तर जास्त.

"मी इथं थांबते," मी जाहीर केलं.

तेव्हा खरी गंमत सुरू झाली. इतका वेळ जे माझ्याकडे कळवळून बघत होते, त्यांना घड्याळं दिसायला लागली. "ग्लासगोचं दर्शन संध्याकाळीच आहे ना?" "जेवण किती वाजता?" होनराव जवळ आले, हात जोडले. "वहिनी, घरचं घरी बघा ना. साहेबांची बाजूही बघा. बाप आहे तो." त्यांची बायको म्हणाली, "तीन दिवसांनी परत मँचेस्टरवरूनच जायचंय की आपल्याला. तेव्हा भेटा. आता सगळ्यांचा मूड कशाला…"

"तुमची मुलगी कुठं असते?" मी तिला विचारलं.

"आमची? कोथरूडला."

"भेटते का तुम्हाला?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"मी कुणालाच थांबवत नाही," मी म्हटलं. "तुम्ही जा. मी बसणार इथं."

हे आता मोठ्यानं बोलले. सगळ्यांनी ऐकावं म्हणून. "थांब म्हणावं! पासपोर्ट माझ्याकडे आहे तिचा. बघू कुठं जाते."

त्यांनी कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या पाऊचवर थोपटलं. माझा पासपोर्ट, माझे पाउंड, माझ्या गोळ्या, सगळं त्या पाऊचमध्ये.

केतकी मॅडमचा चेहरा आतापर्यंत नुसता ओढलेला होता. त्यांना बस वेळेवर न्यायची होती, ऑफिसला उत्तर द्यायचं होतं, मला कळत होतं. पण हे ऐकल्यावर त्या वळल्या. "साहेब, पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे असतो. द्या त्यांचा त्यांना."

"तुम्ही मध्ये पडू नका."

"पडावं लागेल साहेब. दुसऱ्याचा पासपोर्ट अडवून ठेवणं मी माझ्या बसमध्ये चालू देणार नाही. द्या."

त्यांनी दिला. जमिनीवर टाकला म्हणावं लागेल. केतकी मॅडमनी वाकून उचलला, पुसला, माझ्या हातात ठेवला. औषधांची पट्टी मात्र मला मागून घ्यावी लागली.

राहिली बॅग. आमची दोघांची मिळून एकच मोठी बॅग होती, माझ्या भावानं खास ह्या सहलीसाठी घेऊन दिलेली. ग्रॅहम म्हणून स्कॉटिश ड्रायव्हर होता आमचा, त्यानं बसच्या पोटातून ती काढून दिली. मी पार्किंगमध्येच बसले आणि बॅग उघडली. वरून माझ्या साड्या काढल्या, मग ह्यांचे कपडे बाहेर काढायला लागले. शर्ट, पायजमे, बनियन, पट्टा, इसबगोलचा डबा, दाढीचं सामान. एकेक काढत होते आणि डांबरावर रचत होते. घडी मी घातलेली होती प्रत्येकाची, ती मोडली नाही. शेवटी साड्या परत आत घातल्या, चेन ओढली. त्यांचा ढीग तसाच राहिला. ग्रॅहमनं एक काळी कचऱ्याची पिशवी आणली, ढिगाकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि न बोलता सगळं तिच्यात भरलं.

"बसताय ना साहेब?" केतकी मॅडमनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटतं, त्यांना अजूनही खात्री होती की मी शेवटच्या क्षणी उठेन. मलाही एक वेडी आशा होती, सांगायला लाज नाही, की हे म्हणतील, थांबतो. बाप आहे मी पण. बघू दे मला ते पोर. एवढं म्हटलं असतं तर मी सगळं गिळलं असतं, आजवर गिळलं तसं. ते वळले आणि बसच्या पायऱ्या चढले.

उषाताई खाली उतरून माझ्याकडे आल्या. डोळे भरलेले. त्यांनी आपली शाल माझ्या अंगावर टाकली. "माझ्यामुळं हो सगळं झालं हे. माझी जीभ…"

"तुमच्यामुळंच झालं," मी त्यांचे हात धरले. "देव तुमचं भलं करो."

बस निघाली. खिडकीत हे ताठ बसलेले दिसले, समोर बघत. डोक्यावर ती चौकड्यांची टोपी अजून तशीच होती. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं काढा म्हणून.

मी बाकावर बसून राहिले. नवी लग्नं होत होती. पांढऱ्या झग्यातली एक मुलगी मित्रमैत्रिणींसोबत आली, ऐरणीपाशी उभी राहिली, टाळ्या झाल्या. तिचे आईबाप होते का त्यांत, मला कळलं नाही. पाऊस आला आणि गेला. दुकानातल्या एका बाईनं खुणेनं मला आत बोलावलं, मी नको म्हटलं. ऋतू आली आणि मी बाहेर दिसले नाही तर? पुन्हा तिला कुणी सांगितलं, आई भेटायला नाही म्हणते म्हणून?

निळी गाडी आली तेव्हा ती पूर्ण थांबण्याआधीच ऋतूनं दार उघडलं. केस कापलेले, अंगानं भरलेली, तशीच धावत निघाली. मी उठले. मला वाटलं, आता मिठी मारेल. ती माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि भडकली.

"तू खाली का नाही आलीस?"

"मला म्हणाले…"

"म्हणाले! ते म्हणाले आणि तू बसून राहिलीस! लिफ्ट होती ना आई? एक मजला! चार वर्षं एक मजला उतरता आला नाही तुला? मी बाळंत झाले तेव्हा माझ्यापाशी कुणी नव्हतं. सुजयनं डिंकाचे लाडू केले, यूट्यूबवर बघून. तीन वेळा जाळले. आणि काल मी ह्या पोरीला नवा फ्रॉक घालून आणलं, आणि माझ्या बापानं तिच्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही. एकदासुद्धा!"

"ओरड," मी म्हटलं. "ओरड बाई. मलाही ओरडायचंय. तुझ्यावर नाही, पण ओरडायचंय."

ती ओरडतच होती. लोक थांबून बघत होते, पांढऱ्या झग्यातली मुलगीसुद्धा. सुजय मागून आला. मी त्याला चार वर्षांपूर्वी एकदाच बघितलं होतं, आमच्या फाटकाबाहेर, दोन्ही हात बांधून उभा. आता त्याच्या हातात बाळ होतं. तो आमच्या दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"ऋतू, नंतर भांड," तो म्हणाला. "आई, आधी हिला धरा. माझे हात भरून आलेत."

त्यानं मला आई म्हटलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी परवानगी दिली नव्हती. मी पोरीला घेतलं. जड होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जोरात भोकाड पसरलं.

"हिलाही राग आलाय," ऋतू म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

मँचेस्टरपर्यंत आम्ही मायलेकी गाडीत भांडत गेलो. सुजय गाडी चालवत होता, तोंडातून अवाक्षर काढलं नाही त्यानं.

व्हिसा होता तोवर मी तिथं राहिले. ह्यांची सहल पूर्ण झाली, ते गटाबरोबर परत गेले. आणि इस्लामपुरात पोचून त्यांनी काय करावं? पेढे वाटले. "नात झाली. शैलाला ठेवून आलोय मुलीजवळ, बाळंतपणाची हौस!" असं सगळ्यांना सांगितलं. मी परत आले तेव्हा स्टँडवरच एकीनं मला अडवून सांगितलं, "साहेबांचं मन केवढं मोठं हो वहिनी! सगळं विसरून तुम्हाला पाठवलं."

मी रस्त्यात, हातात बॅग घेऊन, तिला सगळं सांगितलं. हॉटेल, खालचा मजला, मागं घेतलेले पाय. तिला पुढची एसटी गाठायची होती, तरी सांगितलं. त्यानंतर ज्या ज्या कुणी साहेबांच्या मोठ्या मनाची तारीफ केली, त्याला बसवून सांगितलं. हे समोर असले की उठून आत जातात. माझी खोली आता वेगळी आहे, ऋतूची होती ती. घर सोडलं नाही मी. का सोडू? घरपट्टी माझ्याही नावावर आहे.

गावभर पेढे वाटल्यावर ह्यांना मुलीला दार बंद ठेवता येईना. लोक म्हणतात, जाऊ दे आता, झालं गेलं. ऋतू, सुजय दर दोन वर्षांनी येतात, उंबऱ्याच्या आत जेवतात, हे शेजारी बसतात. नातीवर जीव आहे त्यांचा. तिला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलंय. ती आजोबा, आजोबा करत त्यांच्या मागं असते. मी त्यात कधी मध्ये पडले नाही.

गेल्या मे महिन्यात आली होती. अकरा वर्षांची झाली. ओसरीवर आम्ही बसलो होतो, हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिनं एकदम विचारलं, "आज्जी, तू मला पहिल्यांदा कधी बघितलंस? आजोबांनी आधी बघितलं की तू?"

पेपर खाली आला. हे उठले नाहीत ह्या वेळी. माझ्याकडे बघत राहिले. म्हातारे झालेत आता. काय मागत होते ते मला कळलं.

"उठून बस," मी पोरीला म्हणाले. "सांगते."